गाडी बघण्याचा कार्यक्रम

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपल्याकडे म्हणतात. ते योग्यच आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची चिकित्सा करणे हा कृतघ्नपणा होय. पण पैसे देऊन घ्यायच्या गाईचे दात मात्र एकेक करून मोजावेत, ही त्या म्हणीची दुसरी बाजू कोणी बोलून दाखवत नाही. त्यामुळेच की काय, आपण पांढरपेशी माणसे दोन्ही गाईंना एकाच न्यायाने वागवतो.

शेतकरी असे करत नाही. आमच्या खानदेशात तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. मार्गशीर्षातल्या या यात्रेतला घोडेबाजार प्रसिद्ध आहे. तिथे घोडा घेणारा माणूस आधी घोड्याच्या तोंडात हात घालतो, मग खूर उचलून बघतो, अंगावरचे भोवरे बघतो आणि शेवटी त्याला चालवून, पळवून बघतो. मालक बाजूला उभा राहून हे सगळे शांतपणे पाहत असतो. माझ्या घोड्यावर अविश्वास दाखवता काय, असे तो म्हणत नाही. आमचे जळगाव सोन्यासाठी नावाजलेले. तिथल्या पेढीवर आपण मोडीला नेलेली आजीची पाटली सराफ कसोटीवर घासतो, तेव्हा आजीचा अपमान झाला असे आपल्याला वाटत नाही. पण एखाद्या ओळखीच्या माणसाची जुनी मोटार घ्यायची झाली की आपली जीभ जड होते. त्यांच्या घरचा चहा घेतलेला असतो, काकूंनी आग्रहाने चकली वाढलेली असते. आता ‘बॉनेट उघडा’ म्हणायचे कसे? आणि अशा वेळी आपण जे मनातल्या मनात म्हणतो त्याला ‘विश्वास’ असे भारदस्त नाव देतो. खरे म्हणजे तो संकोच असतो.

या संकोचाचा आणि माझा सामना मागच्या मार्गशीर्षात झाला, आणि तोही एका क्रीडामोटारीच्या निमित्ताने. मराठी शिकवणाऱ्या माणसाला हे प्रकरण शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. पण १९९८ साली, मी कॉलेजात जाऊ लागलो होतो त्या सुमारास, गोव्यात तयार झालेली ‘सॅन स्टॉर्म’ नावाची एक छोटीशी मोटार बाजारात आली होती. दोन माणसांची, टप मागे टाकून उघडी करता येणारी. इंजिन रेनो कंपनीचे, ११४९ सीसीचे. ताकद सुमारे साठ अश्वशक्ती. आजच्या हिशेबाने हे काही फार नाही, घराघरांतल्या मोटारी हल्ली याहून जोरकस असतात. पण एक हलकी, बुटकी, उघडी गाडी आपल्या देशात तयार होते याचेच तेव्हा अप्रूप होते. गाड्या थोड्याच निघाल्या आणि पुढे त्यांचे उत्पादन बंद झाले. वर्तमानपत्रातला तिचा फोटो माझ्या डोक्यात मात्र तसाच राहिला.

अशी एक २००१ सालची लाल गाडी धुळ्यात देवपूरला एका गृहस्थांकडे आहे आणि ते ती काढणार आहेत, असे कळले. मध्ये दलाल नाही, दुकान नाही. घरच्या घरी व्यवहार. मी ही गोष्ट सौभाग्यवतींच्या कानावर घातली. गच्चीच्या दुरुस्तीसाठी म्हणून बाजूला ठेवलेले पैसे माझ्या डोळ्यांसमोर आहेत, हे तिने लगेच ओळखले.

“घराचे छप्पर गळते आहे,” ती म्हणाली, “आणि तुम्ही छप्परच नसलेली गाडी घेणार?”

पण तिने नाही म्हटले नाही. “घ्यायची तर नीट बघून घ्या. तुम्ही भिडस्त. मिस्त्रींना बरोबर न्या,” एवढेच म्हणाली. ते वाक्य मी तंतोतंत पाळले.

आमचे मिस्त्री अजिंठा चौफुलीजवळ काम करतात. मूळचे अमळनेरकडचे, त्यामुळे तोंडात अहिराणी. त्यांनी आधी मला तीन निरोप द्यायला लावले. एक, आम्ही येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका. इंजिन गार हवे. दोन, गाडी धुऊ नका; ओल्या रंगावर ओरखडे आणि लाटा दिसत नाहीत. तीन, आम्ही दिवसाउजेडी येऊ. हे तीन निरोप फोनवरून सांगताना मला घाम फुटला. पलीकडचे गृहस्थ, लोक त्यांना अण्णा म्हणतात, शांतपणे “बरं” म्हणाले.

जळगाव ते धुळे साधारण नव्वद किलोमीटर. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला की पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे करत तासा-दोन तासांत माणूस पांझरेकाठी पोचतो. वाटेत मी मिस्त्रींना गाडीच्या रंगाविषयी, तिच्या घडणीविषयी बरेच काही सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, रंग दखू नका, लोखंड दखा.” म्हणजे रंग पाहू नका, लोखंड पाहा.

अण्णा सत्तरी ओलांडलेले, पूर्वी कापसाच्या धंद्यात होते. त्यांनी दारातच स्वागत केले. काकू चहाचे विचारायला आल्या. मी “चालेल” म्हणणार एवढ्यात मिस्त्री मध्येच म्हणाले, “पहिले गाडी, मंग चहा.” मला ते उद्धटपणाचे वाटले. नंतर त्यांनी मला त्यातले मर्म सांगितले: चहा पोटात गेला की दोष ओठांवर येत नाही.

मिस्त्रींनी गाडीला पहिला हात लावला तो बॉनेटला. थंड होते. अण्णांनी शब्द पाळला होता. ऊन नसताना बॉनेट कोमट लागले तर समजावे की थंडीत सुरू व्हायला कुरकुरणारे इंजिन आपल्यासाठी आधीच तापवून ठेवले आहे. मग मी खिशातून लोहचुंबक काढला. वर्तमानपत्रांतून वाचून मी तो मुद्दाम नेला होता. पत्र्यावर चुंबक चिकटला नाही की तिथे लांबी भरून रंग मारलेला आहे, असे म्हणतात. मी तो दाराला लावला, तो खाली पडला. मडगार्डला लावला, तो खाली पडला. मिस्त्री हसायला लागले. या गाडीचे अंग फायबरचे. चुंबक चिकटेल कशाला? फायबर गंजत नाही, ही तिची जमेची बाजू. पण ते वाकतही नाही, तडकते. त्याची परीक्षा निराळी. उन्हात तिरक्या नजरेने बघायचे म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसतात. आतल्या बाजूने हात फिरवला की जोडलेला भाग जाड, खडबडीत लागतो. दार आणि अंग यांच्यातली फट सगळीकडे सारखी आहे की नाही, हे बोट घालून बघायचे. डाव्या पुढच्या बाजूची फट खाली निमुळती होत गेली होती. मिस्त्री तिथे थोडे थांबले, बोलले नाहीत.

मग इंजिन. तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय नव्हती. तशी असती तर हेड गॅस्केटमधून पाणी तेलात मिसळते आहे असा संशय घ्यावा लागला असता. गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमागे उभे राहून धुराचा रंग पाहिला. निळा धूर म्हणजे इंजिन तेल खाते. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जळते. पांढरा दाट धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर पाणी आत जाते. थंडीत सुरुवातीला दिसते ती नुसती वाफ, तिला घाबरायचे कारण नाही. पुढे स्पार्क प्लग काढून चारही सिलिंडरांत दाबमापक लावला. चारही आकडे जवळजवळ सारखे आले. किती आले यापेक्षा सारखे आले याचे महत्त्व मोठे, असे मिस्त्री म्हणाले. वर्गातली सगळी मुले मध्यम असली तर वर्ग चालतो. तिघे हुशार आणि एक नापास असला की त्रास.

टायरांवर नक्षी भरपूर होती. मी खूश झालो. मिस्त्रींनी टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१४’ म्हणजे २०१४ सालातला तेविसावा आठवडा. रबर न चालताही म्हातारे होते. हीच गोष्ट टायमिंग बेल्टची आणि पेट्रोलच्या नळ्यांची. शिवाय आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या रबराची घडण त्याच्यासाठी झालेली नाही. ते मऊ पडते, फुगते, चिरते. नळ्या नव्या घालणे हा खर्च नसून विमा आहे, असे त्यांचे म्हणणे.

चासीचा नंबर कोरलेल्या जागी कागद धरून मिस्त्रींनी वरून पेन्सिल फिरवली. कागदावर एकेक आकडा उमटत गेला. शिलालेखाचा ठसा असाच घेतात. याच धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १९२६ च्या अखेरीस इथेच वारले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ उभे राहिले. अस्सल कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय राजवाडे कशावर विश्वास ठेवत नसत. मूळ पत्र समोर हवे. ऐकीव बखर चालायची नाही. त्यांच्या गावात एका मोटारीचा नंबर तिच्या नोंदणीपुस्तकाशी ताडून बघताना मला तरी अवघडल्यासारखे व्हायचे कारण नव्हते. नंबर जुळले. मालक पहिलेच. बँकेचा बोजा नाही. दंडाच्या पावत्या मोबाइलवर पाहिल्या, त्याही नाहीत.

मग गाडी जॅकवर चढवली, खाली ठोकळे लावले आणि मिस्त्री पाठीवर झोपून आत सरकले. फायबर गंजत नसले तरी खालचा सांगाडा लोखंडी असतो, आणि या जातीच्या गाडीचे खरे वय तिथेच लिहिलेले असते. बराच वेळ आतून नुसता टकटक असा आवाज येत होता. मग तो थांबला.

“अण्णा,” आतून आवाज आला, “इथला काळा रंग थोडा खरवडू का?”

सगळ्या सांगाड्यावर जुनी धूळ होती. डावीकडच्या पुढच्या कोपऱ्यात तेवढा काळा लेप जाड आणि वेगळा. अण्णांनी मान हलवली. लेपाखाली वेल्डिंगचा सांधा निघाला.

कोणीच काही बोलेना. मला वाटले, आता हा विषय बदलावा. “जुनी गाडी आहे, चालायचेच,” असे काहीतरी म्हणून आपण त्या भल्या माणसाची सुटका करावी. पण डोळ्यांसमोर दुसरी गोष्ट आली. दोन आसनांची गाडी. उजवीकडे मी. डावीकडे, बरोबर त्या सांध्याच्या मागे, माझी मुलगी बसणार. मी गप्प राहिलो आणि मिस्त्रींना काम करू दिले.

त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला. गवंडी वापरतात तोच. सांगाड्यावरच्या दोन्ही बाजूंच्या एकसारख्या चार जागांवरून तो खाली सोडला आणि फरशीवर जिथे टोक टेकले तिथे खडूने खुणा केल्या. गाडी बाजूला ढकलली. फरशीवर चार ठिपके उरले. ते तिरके जोडून दोन कर्ण काढले आणि टेपने मोजले. सुतार दाराची चौकट काटकोनात आहे की नाही ते असेच बघतो: दोन्ही कर्ण सारखे तर चौकट सरळ. इथे दोन कर्णांत सोळा मिलिमीटरांचा फरक आला. सांगाड्याचा एक कोपरा सरकला होता.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. फरशीकडे बघून म्हणाल्या, “ही कसली रांगोळी काढलीत?”

अण्णांनी आमच्याकडे बघितले, मग काकूंकडे. “दोन हजार सहा साली लळिंगच्या घाटात मी गाडी मोरीच्या कठड्यावर घातली होती,” ते म्हणाले. “तुला रेडिएटर फुटल्याचे सांगितले होते. दुरुस्त करून घेतली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.”

काकूंनी ट्रे कट्ट्यावर ठेवला. “मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “त्या रात्री तुमचा सदरा भिजत घालताना खिशात काचा निघाल्या होत्या. म्हटले, सांगतील कधीतरी.”

इतकी वर्षे त्या घरात दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट दोघेही जपत होते. ती बाहेर पडली तरी काही कोसळले नाही. अण्णांनी कप उचलला. त्यांचा चेहरा मला आल्यापेक्षा मोकळा वाटला. मग ते म्हणाले, “सर, ही गाडी आज मी तुम्हाला देत नाही. अशी कुणालाच देणार नाही.”

परतताना पारोळ्याच्या पुढे मी मिस्त्रींना विचारले, अण्णांनी आपल्याला फसवायचे ठरवले होते असे वाटते का? ते म्हणाले, “नई सर. त्यास्नी सोतालेच इसरायी जायेल व्हतं.” म्हणजे ते स्वतःच विसरून गेले होते. मला हे पटते. आपल्याला नको असलेली गोष्ट काळ्या लेपाखाली घातली की काही वर्षांनी आपल्यालाही तिथे लोखंड सरळच दिसते. म्हणून तर तिसरा माणूस लागतो, ज्याला त्या गाडीविषयी ना प्रेम ना आठवण.

अण्णांनी पुढे नाशिकला एका कारखान्यात सांगाडा यंत्रावर चढवून सरळ करून घेतला, जुना सांधा कापून नीट नवा केला. चैत्रात त्यांचा फोन आला: “मिस्त्रींना घेऊन या. गाडी गार ठेवतो.” पुन्हा ओळंबा, पुन्हा खडू. या वेळी फरक दोन मिलिमीटरांचा निघाला. नंतर आम्ही गाडी चालवून पाहिली. सरळ रस्त्यावर चाक हलके सोडले तरी ती बाजूला ओढत नव्हती. ब्रेक दाबल्यावर रेषेत थांबत होती. वरच्या गिअरमध्ये एकदम जोर दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढून वेग तसाच राहतो का, म्हणजे क्लच घसरतो का, तेही बघितले. मग किंमत ठरली. पहिल्यापेक्षा कमी, ती कमी करा असे मला म्हणावेही लागले नाही.

कागदांचे मात्र मीच पुढे होऊन बोललो. “होईल सावकाश,” असे अण्णा म्हणत होते. इथेच पुष्कळ घरगुती व्यवहार अडतात. २९ आणि ३० नंबरचे अर्ज त्याच दिवशी भरून सह्या केलेल्या बऱ्या. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा, असा कायदा आहे. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. हे घेणाऱ्याच्या फायद्याचे वाटते. त्यात विकणाऱ्याचा फायदा अधिक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितले की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. त्या माणसाने गाडी अपघाताच्या जवळजवळ दोन वर्षे आधी विकली होती, पुढे ती आणखी हातांतून गेली. तरी नुकसानभरपाई त्याच्या अंगावर आली, कारण नाव बदललेले नव्हते. हे सांगितल्यावर अण्णांनी स्वतः पेन शोधले. वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण करायला २०२५ पासून दहा हजार रुपये शुल्क पडते, शिवाय पर्यावरण कर. तोही हिशेब आम्ही त्याच बैठकीत मांडला. किल्ली नंतर हातात घेतली.

निघताना अण्णांनी मला आणखी एक कागद दिला. वहीचे पान, त्यांच्या अक्षरात. वर लिहिले होते, ‘गाडीतील दोष’, आणि खाली अकरा कलमे. पहिले लळिंगच्या अपघाताचे, तारखेसह. मग दुसरा गिअर थंडीत अडतो, पेट्रोलचा काटा पाव टाकी जास्त दाखवतो, अशी एकेक. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जुन्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक बहुधा एक ठरावीक मजकूर घालत: समोर जसे होते तसे उतरवले, चूक असल्यास दोष मला देऊ नये. अण्णांचा कागद याच्या नेमका उलट होता. दोष कोणते आणि ते कुणाच्या हातून झाले, हे त्यात नोंदवलेले होते. असा कागद लिहायला माणसाला किती बळ लागते, हे ज्याचे त्याला ठाऊक.

आता मला वाटते, परीक्षा केल्याने संबंध बिघडतात ही आपली समजूत चुकीची आहे. बिघडतात ते न केलेल्या परीक्षेमुळे. मी त्या दिवशी चहा पिऊन, रंग पाहून, पैसे देऊन आलो असतो, तर पुढे केव्हा तरी तो सांधा मला सापडला असता आणि अण्णांचे नाव मी घरात कसे घेतले असते कोण जाणे. आज काकूंचे शेवेचे लाडू दिवाळीला आमच्याकडे येतात.

गच्चीचे काम या वर्षी राहिले. पुढच्या वर्षी करायचे ठरले आहे. अण्णांचा कागद गाडीतल्या खणात नोंदणीपुस्तकाजवळ असतो. अकरातली चार कलमे दुरुस्त होऊन खोडली गेली आणि दोन नवी माझ्या अक्षरात वाढली. शेवटचे कलम आहे, ‘टपातून डाव्या बाजूला पाणी येते’. ते सौभाग्यवतींनी पावसाळ्यात स्वतः भिजून शोधून काढले. कधीतरी ही गाडी मलाही काढावी लागेल. त्या वेळी घ्यायला येणारे गृहस्थ संकोची असले, तर आधी तो कागद त्यांच्या हातात देईन, मग बॉनेट उघडीन, आणि चहा सगळ्यात शेवटी मागवीन.